एक वायपर, तीन नट

टाटा नॅनोच्या चाकाला तीन नट असतात. इतर लहान मोटारींना साधारण चार, मोठ्या गाड्यांना पाच. नॅनोचं चाक पहिल्यांदाच खोलणारा माणूस चौथ्या नटासाठी एकदा तरी हात फिरवतो. तो नट पडलेला नसतो, मुळात दिलेलाच नसतो. गाडीचं वजन सहाशे किलोच्या आसपास, चाक बारा इंची, वेग फार तर ताशी १०५ किलोमीटर. एवढ्या भाराला तीन नट पुरतात, असा हिशोब कुणीतरी कागदावर मांडला, तपासून पाहिला आणि प्रत्येक चाकामागे एक नट वाचवला. समोरच्या काचेला वायपर एकच. सुरुवातीच्या साध्या मॉडेलला बाहेरचा आरसा फक्त ड्रायव्हरच्या बाजूला. मागचा दरवाजा दिसायला दरवाजा, पण उघडत नसे. सामान ठेवायचं तर आतून मागची सीट दुमडायची. चारही चाकांना ड्रमब्रेक, गिअर चार, इंजिनाला सिलिंडर दोन.

अशा गाड्यांवर माझं मनापासून प्रेम आहे. महागड्या गाडीत काय काय घातलंय ते कंपनी आपल्याला सांगत बसते. स्वस्त गाडीत काय काय काढलंय ते आपण स्वतः शोधायचं असतं, आणि शोधता शोधता ती बनवणाऱ्याचं डोकं कसं चाललं असेल ते दिसायला लागतं. हे नसलं तर चालेल का? हे एकच ठेवलं तर? हे आणि ते एकत्र केलं तर? पुण्यात टाटा मोटर्सच्या संशोधन केंद्रात गिरीश वाघ आणि त्यांच्या हाताखालची तरुण मंडळी कितीतरी वर्षं हेच प्रश्न स्वतःला विचारत होती. भर पावसात एका स्कूटरवर अख्खं कुटुंब, बाप चालवतोय, मूल पुढे उभं, आई मागे दुसऱ्या लेकराला घेऊन बसलेली, हे दृश्य रतन टाटांच्या मनात घर करून राहिलं आणि त्यातून ही गाडी आली, असं त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलं होतं. १० जानेवारी २००८ला दिल्लीच्या वाहनप्रदर्शनात ती लोकांपुढे आली. कारखान्यातली किंमत एक लाख, कर आणि वाहतूक वेगळी.

आमच्या शेजारच्या काकांनी पिवळी नॅनो घेतली होती. तिच्यात पेट्रोल भरायला गेलं की पंपावर छोटासा कार्यक्रमच व्हायचा. पंपावरचा पोरगा नळी हातात घेऊन गाडीच्या एका बाजूने जायचा, मग दुसऱ्या. झाकण काही सापडायचं नाही. काका शांतपणे खाली उतरून पुढचं बॉनेट उघडायचे. आत स्टेपनी, आणि तिथेच पेट्रोलचं तोंड.

"काका, मग इंजिन कुठंय?"

"मागं. बसायच्या सीटखाली."

पोरगा वाकून मागे बघायचा, रांगेतले दोन-तीन मोटारसायकलवाले गाड्या स्टँडला लावून पुढे यायचे. काका त्यांना मागचे टायर दाखवायचे, पुढच्यांपेक्षा रुंद. इंजिनाचं वजन मागे म्हणून. मग काकांनी गाडी एका दमात जागच्या जागी वळवली की सगळ्यांच्या तोंडून 'अरे वा' निघायचं, कारण नॅनो अवघ्या चार मीटरच्या त्रिज्येत वळते. जेमतेम तीन मीटरच्या गाडीत सहा फुटी माणूस टोपी घालून बसू शकतो, हे बघितल्याशिवाय कुणाला पटायचं नाही. काकांना त्या गाडीचा अभिमान होता, आणि तो मला अगदी रास्त वाटायचा.

तसाच अभिमान मी त्याआधी एका लूनाबद्दल पाहिला होता. पुण्याच्या कायनेटिकने १९७२ साली लूना बनवायला सुरुवात केली. पियाजिओची 'चाओ' नावाची इटालियन मोपेड हा तिचा मूळ साचा. इंजिन पन्नास सीसीचं, क्लच नाही, गिअर नाही, किक नाही. स्टँडवर चढवायची, सायकलसारखं पेडल मारायचं, इंजिन फुरफुरलं की स्टँडवरून उतरवायची. माझी आत्या प्राथमिक शाळेत बाई होती. तिची शाळा अशा गावात होती जिथे एसटी सकाळी एकदा जायची आणि संध्याकाळी परत फिरायची. लूना आली आणि आत्याचा दिवस एसटीच्या वेळापत्रकातून सुटला. चढावर इंजिन दमलं की ती पेडल मारून त्याला हात द्यायची. पेट्रोल संपलं तर सायकल करून घरी यायची. वाड्याच्या दोन पायऱ्या तिला एकटीला लूना उचलून चढवता यायची, कुणा पुरुषाला हाक मारावी लागायची नाही. तिच्यासाठी त्या गाडीचा खरा गुण हाच होता. मोठ्या, मजबूत, रुबाबदार स्कूटरने तिला हे स्वातंत्र्य दिलं नसतं.

आता या गाड्यांची दुसरी बाजू. ती सांगताना मला एक फरक फार महत्त्वाचा वाटतो. काढून टाकलेल्या गोष्टी दोन तऱ्हेच्या असतात. एकच वायपर, उघडत नसलेला मागचा दरवाजा, नसलेला एसी, लूनाची पेडलं, हे सगळं गिऱ्हाइकाला दुकानात उभ्या उभ्या दिसतं. त्याला चालत असेल तर तो घेतो, नसेल तर पुढच्या दुकानात जातो. पण दाराच्या खांबात पत्रा किती जाडीचा आहे, समोरून धडक बसली तर स्टीअरिंग कुठवर मागे येईल, पाय ठेवायची जागा किती चेपेल, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही आणि विक्रेता सांगत नाही. पैसा वाचवायची सगळ्यात सोपी जागा मात्र हीच, न दिसणारी.

२०१४च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवून पाहिल्या. एअरबॅग नसलेली साधी मॉडेलं घेतली होती. मोठ्यांच्या सुरक्षेत नॅनोला पाचपैकी एकही तारा मिळाला नाही. पण उरलेल्या चौघींची नावंही वाचावीत: अल्टो ८००, आय १०, फिगो आणि पोलो. त्यांनाही शून्यच. यातली पोलो नॅनोच्या कित्येक पट महाग. पुढे दोन एअरबॅग लावून तीच पोलो तपासली तेव्हा तिला चार तारे मिळाले. म्हणजे तिचा सांगाडा मुळात ठीक होता, भारतीय गिऱ्हाइकाला द्यायच्या गाडीतून तेवढ्या दोन पिशव्या काढल्या होत्या. स्वस्त गाडीने कमी दिलं यात नवल नाही, पण महाग गाडीनेही जे दिसत नाही तिथेच हात आखडला, याचा मला आजही राग येतो. नवीन मॉडेलांसाठी धडकेची चाचणी सक्तीची झाली ती २०१७च्या ऑक्टोबरपासून, आणि ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची व्हायला २०१९चा जुलै उजाडला. तोवर आपल्याकडे लाखो माणसं नव्या कोऱ्या गाडीत पेढे वाटत बसली आणि पुढ्यात काय नाही ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मी रायगड जिल्ह्यातला. आमच्याकडे छोट्या आणि विचित्र गाडीचं नाव काढलं की आधी आठवते ती तीनचाकी, मिनिडोर. कुणी विक्रम म्हणतं, कुणी सहा आसनी, आणि तिच्या पुढे आलेल्या नाकाडामुळे बऱ्याच ठिकाणी तिला सरळ डुक्कर म्हणतात. तिचं घराणं मोठं आहे. अहमदनगरचे स्वातंत्र्यसैनिक नवलमल फिरोदिया यांनी १९५८मध्ये बजाज टेम्पो सुरू केली ती जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याची 'हान्सेआट' ही तीनचाकी बनवायला. युद्धात बेचिराख झालेल्या जर्मनीत किराणा, कोळसा, भाजी वाहायला काहीतरी चाकांवर उभं करायचं होतं, त्या गरजेतून ही गाडी जन्मली. दोन सिलिंडरचं चारशे सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन पुढच्या एकुलत्या चाकाशीच बसवलेलं, साखळीने तेच चाक फिरवायचं. मागे मग ना दांडा ना गिअरपेटी, नुसता सपाट, बुटका हौदा. माल चढवायला सोपं. जर्मनांनी ती १९५६ला बंद केली, कारण त्यांच्या हातात पैसा आला होता. आपल्याकडे ती २०००पर्यंत बनत राहिली. सहा आसनी मिनिडोर हे त्याच कारखान्याचं पुढचं, डिझेलवरचं अपत्य.

अलिबागहून पोयनाडकडे जायला या गाड्या स्टँडच्या बाहेर लागायच्या. कागदावर सहा माणसं. पण सहा भरली म्हणून ड्रायव्हरने गाडी काढली असं सहसा व्हायचं नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना एक एक जण, मागे समोरासमोरच्या बाकांवर चार-चार, आणि मधल्या जागेत कोळणींच्या पाट्या. "सरका, ताई, सरका, अजून एक बसतंय," म्हणत तो स्वतः अर्ध्या सीटवर, एक कुल्ला हवेत ठेवून बसायचा. इंजिन केबिनमध्येच असल्यामुळे त्याच्या शेजारी बसणाऱ्याची पोटरी भाजून निघायची. आवाज असा की शेजारच्याशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागे. कार्लेखिंडीचा चढ लागला की गाडी पहिल्या गिअरमध्ये रखडत चालायची, आणि मागून येणारी एसटी हॉर्न मारत राहायची. एवढं असूनही माणसं तिच्यात बसायची, कारण ती थांबत होती. तुम्ही हात दाखवाल तिथे, तुमच्या बांधाशी, देवळाशी, कुठेही. एसटी फक्त थांब्यावर थांबते आणि भरलेली असली की तिथेही थांबत नाही. कोळणीची पाटी एसटीत घ्यायला कंडक्टर कुरकुरतो, कारण वासाने बाकीचे ओरडतात. मिनिडोरवाला पाटी आधी चढवायचा, मग माणूस. त्या गाडीवाचून आमच्याकडच्या कितीतरी घरांतली ताजी मासळी बाजारात वेळेवर पोचली नसती.

आणि याच गाडीत काय धोका होता, ते बसणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत होतं. तीन चाकं जमिनीवर एक त्रिकोण आखतात. गाडीचा भार त्या त्रिकोणाच्या आत पडतोय तोवर गाडी उभी राहते. पुढे एकच चाक असलं की त्रिकोण पुढच्या बाजूला निमुळता. उतारावर वळताना ब्रेक दाबला की भार पुढे धावतो, म्हणजे नेमका त्या निमुळत्या टोकाकडे, आणि वळणामुळे त्याच वेळी बाहेरच्या अंगालाही फेकला जातो. चार चाकांच्या गाडीला त्या कोपऱ्यात आधाराला चाक असतं, इथे तिथे मोकळी हवा असते. कागदावरची सहा माणसं बसली असतील आणि वेग बेताचा असेल तर भागून जातं. दहा माणसं, वर टपावर गोणी, आणि खिंडीचा उतार, म्हणजे वजन वर सरकलं, त्रिकोण तेवढाच राहिला. जुन्या ड्रायव्हरांना हे गणित अंगवळणी पडलेलं असायचं. त्यांच्यातला एक वयस्क गृहस्थ उतारावरच्या वळणाच्या बऱ्याच आधी ब्रेक मारून घ्यायचा आणि वळणात पाय पूर्ण मोकळा ठेवायचा. "वळणात बिरेक नाय मारायचा, वळणाच्या अलीकडं मारायचा," असं त्याने मला सांगितलं होतं. तेवढ्या एका वाक्यात तीनचाकीचं सगळं शास्त्र आलं. पण सुरक्षा ही एका शहाण्या ड्रायव्हरच्या पायावर सोडून द्यायची गोष्ट नव्हे. त्याच्या जागी उद्या त्याचा एकोणीस वर्षांचा पुतण्या बसतो, गाडी तीच असते.

तिसरं चाक नेहमी पैसे वाचवायलाच लावतात असंही नाही, कधी कधी ते कायदा लावायला लावतो. ब्रिटनमध्ये हलक्या तीनचाकीला मोटारसायकलचा परवाना चालायचा आणि करही कमी पडायचा. एवढ्या एका सवलतीवर टॅमवर्थ गावच्या रिलायंट कंपनीने कित्येक वर्षं फायबरच्या तीनचाकी मोटारी विकल्या. त्यांची १९७३ची 'रॉबिन' त्यातली सगळ्यात प्रसिद्ध. चौथं चाक लावलं असतं तर गाडी नीट उभी राहिली असती, पण मग गिऱ्हाइकाला मोटारीचा परवाना काढावा लागला असता. जर्मनीत मेसरश्मिट कंपनीला युद्धानंतर विमानं बनवायची बंदी होती, म्हणून तिने फ्रिट्झ फेंड नावाच्या अभियंत्याच्या कल्पनेवरून विमानाच्या केबिनसारख्या काचेच्या टोपाखाली दोन माणसं एकामागे एक बसतील अशी गाडी काढली. तिच्या १९५५च्या मॉडेलला रिव्हर्स गिअर नव्हता. मागे जायचं तर इंजिन बंद करून उलट्या दिशेने सुरू करायचं, मग चारही गिअर मागे जायला मोकळे! ही युक्ती वाचली त्या दिवशी मी भेटेल त्याला ती सांगत सुटलो होतो. आयसेटा नावाची गाडी इटलीत मुळात फ्रिज बनवणाऱ्या माणसाने काढली, तिचं दार फ्रिजसारखं समोरच उघडायचं. बीएमडब्ल्यूने तिचा परवाना घेतला, दीड लाखाहून जास्त आयसेटा बनवल्या, आणि त्या पडत्या काळात तग धरली. १९५९ला ब्रिटनमध्ये मिनी आली. तीही लहान, तीही स्वस्त, पण चार चाकांची, चार माणसांची, सगळ्या बाजूंनी खरी मोटार. आयसेटा, मेसरश्मिट यांसारख्या बुडबुड्याच्या आकाराच्या बाकीच्या गाड्या तिच्यापुढे पाच-सहा वर्षांत विरून गेल्या.

आपल्याकडे बंगळुरूच्या सनराइज ऑटोने सत्तरच्या दशकात 'बादल' नावाची तीनचाकी मोटार काढली, पुढे तीच कंपनी सिपानी झाली आणि तिने १९८२पासून 'डॉल्फिन' विकली. डॉल्फिन म्हणजे त्या टॅमवर्थच्या रिलायंटचीच 'किटन', चार चाकांची. ८४८ सीसीचं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन, दोन दारं, अंग पूर्ण फायबरचं. वजनाला इतकी हलकी की त्या काळच्या मोटर शर्यतींत तिने भल्या भल्यांना मागे टाकलं. बाजारात मात्र त्याच सुमारास मारुती ८०० आली आणि चार दारांची, पत्र्याची, जपानी गाडी सोडून फायबरची दोन दारांची गाडी कोण घेणार?

एका डॉक्टरांकडे डॉल्फिन होती. कुणीतरी मागून धडक दिली आणि तिचा कोपरा तडकला. पत्र्याला पोचा येतो, फायबरला तडा जातो. गॅरेजवाल्याने हात वर केले, म्हणाला, ठोकून काढायला इथे पत्राच नाही. डॉक्टर गाडी घेऊन रेवदंड्याला होड्यांना फायबर मारणाऱ्या एका कारागिराकडे गेले. मी तेव्हा तिथे होतो. त्याने तडा गेलेली जागा पॉलिशपेपरने खरवडून काढली, काचेच्या धाग्याच्या मॅटचा तुकडा कात्रीने कापला, डब्यात रेझिन ओतून त्यात हार्डनर ढवळलं आणि ब्रशने थरावर थर चढवले, मधली हवा लोखंडी रोलर फिरवून काढली. होडीच्या बुडाला करतो अगदी तसं. दुसऱ्या दिवशी घासून रंग मारला. जोड कुठे आहे ते शोधूनही सापडत नव्हतं. आडवळणाच्या गाडीला असा आडवळणाचा वैद्य भेटला तर ती जगते, नाही भेटला तर अंगणात पालापाचोळ्याखाली जाते. छोटी कंपनी बंद पडली की सुट्या भागांचा ओघ आटतो, आणि गाडी कितीही काटकसरी असली तरी एका काचेपायी, एका ब्रेकच्या सिलिंडरपायी ती उभी राहते. घेताना वाचलेले पैसे तेव्हा एकदम वळते होतात. चालत्या बाजारपेठेतली साधी गाडी आणि एकट्या पडलेल्या कंपनीची सुंदर गाडी, यातली कोणती घेऊ असं मला कुणी विचारलं तर मी पहिलीच घ्यायला सांगतो, आणि सांगताना दर वेळी मनाला लागतं.

महाराष्ट्रात याहूनही एकट्या पडलेल्या गाड्या होऊन गेल्या. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच 'मीरा' नावाची छोटी मोटार स्वतः बनवली. पहिली दोन माणसांची होती, मग वर्षानुवर्षं एकामागून एक सुधारित नमुने त्यांनी काढले. स्प्रिंगच्या जागी रबर वापरून धक्के शोषायची त्यांची कल्पना होती. सामान्य माणसाला परवडेल अशी देशी मोटार करायची हा त्यांचा ध्यास, पण मीरा कारखान्यातून रांगेने कधीच बाहेर पडली नाही. त्या काळी मोटार बनवायला सरकारी परवाना लागायचा आणि तो अगदी मोजक्या घराण्यांकडे होता.

अलीकडचं उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांचं. भंगारातले भाग जमवून, साधारण साठ हजार रुपये खर्चून त्यांनी मुलाच्या हौसेसाठी छोटी जीप बनवली, स्टीअरिंग डावीकडे आणि सुरू करायला चक्क किक. २०२१च्या डिसेंबरमध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी त्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो देऊ केली आणि पुढच्याच महिन्यात ती दिलीसुद्धा. ही गाडी नियमांत बसत नाही, तेव्हा आज ना उद्या तिला रस्त्यावरून उतरवलं जाईल, हेही महिंद्रांनी तेव्हाच लिहिलं होतं. बऱ्याच जणांना त्याचं वाईट वाटलं. मला लोहारांच्या हातांबद्दल निस्सीम आदर आहे, पण नियमाच्या बाजूनेही मी ठामपणे उभा आहे. जोडाचं वेल्डिंग आतपर्यंत धरलंय का, हे बाहेरून कुणालाच दिसत नाही. त्या कारागिराच्या हाती चाचणीची साधनं, पोलादाची माहिती, एखाद्या अभियांत्रिकी कॉलेजचं वर्कशॉप आलं असतं, तर न दिसणारी बाजूही त्याने तितक्याच जिद्दीने पक्की केली असती. त्याला बोलेरो मिळाली याचा आनंद आहे, पण वर्कशॉप मिळालं असतं तर मला जास्त आनंद झाला असता.

नॅनोकडे परत यायला हवं, कारण तिचं काय चुकलं याबद्दल एक सोपं उत्तर सगळ्यांच्या तोंडी असतं: स्वस्त म्हणून विकली, आणि स्वस्त गाडी कुणालाच दारात नको असते. हे खरंच आहे, खुद्द रतन टाटांनीही 'सगळ्यात स्वस्त' हा शिक्का चुकला असं नंतर म्हटलं. आपल्याकडे मोटार ही नुसती बसायची वस्तू नसते. चार माणसांत आपण कुठवर आलो ते सांगायला ती दारात उभी करायची असते. स्कूटरवरून आयुष्य काढलेल्या माणसाला वरच्या पायरीवर गेल्याचं समाधान हवं होतं, आणि जाहिरातीने, वर्तमानपत्रांनी, शेजाऱ्यांनी त्याला एकच गोष्ट सांगितली की तू सगळ्यात खालच्या पायरीवरची मोटार घेतलीस. शिवाय पश्चिम बंगालमध्ये सिंगूरला नॅनोच्या कारखान्याच्या जमिनीवरून आंदोलन झालं, २००८च्या ऑक्टोबरमध्ये कारखाना तिथून उचलून गुजरातेत साणंदला न्यावा लागला, आणि ज्या वेळी लोक रांगा लावून उभे होते त्या वेळी गाड्याच पुरेशा नव्हत्या. २०१०च्या सुमारास काही नॅनो पेटल्याच्या बातम्या आल्या. कंपनीने आधीच्या गाड्यांना जादा संरक्षण मोफत बसवून देऊ केलं, पण पेटलेल्या गाडीचे फोटो लोकांच्या मनातून जाणं कठीण होतं. २०११-१२ या वर्षात ७४,५२७ नॅनो विकल्या गेल्या, तो तिचा कळस. २०१८च्या जूनमध्ये साणंदला महिनाभरात एकच नॅनो तयार झाली.

मला सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच. मागचा दरवाजा उघडायला २०१५ उजाडलं. पॉवर स्टीअरिंग त्याच्या आदल्या वर्षी आलं. म्हणजे गाडी हळूहळू नीट होत होती, दिसणाऱ्या उणिवा एकेक करून भरल्या जात होत्या, आणि तेव्हाच गिऱ्हाईक पाठ फिरवून गेलं होतं. पावसातल्या त्या चौघांचं काय झालं मग? ते अजून स्कूटरवरच आहेत, फार तर जुनी अल्टो घेतली असेल. त्यांच्यासाठी नंतर कुणी तितक्या जिवापाड विचार केल्याचं मला दिसत नाही.

प्रयत्न झाले, नाही असं नाही. बजाजने २०१२च्या जानेवारीत चार चाकांची, छपराची, सुमारे चारशे किलोची एक गाडी दाखवली. तिचं पुढे 'क्यूट' नाव पडलं. २१६ सीसीचं इंजिन, वेग ताशी सत्तरपर्यंतच. ही ना रिक्षा ना मोटार, म्हणून तिच्यासाठी 'क्वाड्रिसायकल' हा नवा वर्गच सरकारला करावा लागला, त्यावरून कोर्टकज्जे झाले, आणि महाराष्ट्रात ती विक्रीला यायला २०१९ उजाडलं. युरो एनकॅपने २०१६मध्ये ती तपासली आणि एक तारा दिला. मोटारींच्या मानाने कमी, यात वाद नाही. पण आपण तिची तुलना मोटारीशी करतो तेव्हा ज्याच्या जागी ती येणार ते वाहन विसरतो. तीनचाकी रिक्षाला दारं नाहीत, पट्टे नाहीत आणि पुढचं चाक एकच. क्यूटला दारं आहेत, पट्टे आहेत, चार चाकं आहेत आणि वेगाला बांध आहे. तिची जागा द्रुतगती मार्गावर नाही, शहरातल्या गल्लीत आहे. हा फरक गिऱ्हाइकाला नीट सांगितला तर छोटी गाडी प्रामाणिक राहते.

म्हणूनच आमच्या जिल्ह्यातल्या माथेरानकडे मी फार आशेने बघतोय. तिथे मोटारींना बंदी आहे, दस्तुरी नाक्याला गाड्या लावून माणसं चालत, घोड्यावर किंवा हातरिक्षात बसून वर जात आली आहेत. २१व्या शतकातही माणसाने माणसाला ओढायचं, तेही चढावर. २०२२च्या डिसेंबरमध्ये तिथे ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली, आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या. छोट्या, हलक्या, साध्या वाहनाला याहून योग्य जागा महाराष्ट्रात नाही. रस्ता ठरलेला, वेग कमी, गाड्यांची संख्या बांधलेली, समोरून ट्रक यायची भीती नाही. शाळेत जाणारी मुलं, म्हातारी माणसं, आजारी माणसं यांची त्याने खरी सोय होते, आणि जो काल ओढत होता तो आज चालवतो.

पण तिथे चढ आहे म्हणजे उतारही आहे, लाल मातीचा आणि पावसाळ्यात निसरडा, आणि ई-रिक्षेलाही पुढे एकच चाक. तेव्हा मागणी साधी आहे. गाडीत एसी नको, गाणी नकोत, काचा नसल्या तरी चालेल. माणसं ठरलेली तेवढीच बसवा. मागच्या दोन्ही चाकांच्या ब्रेकमध्ये आणि चासीच्या जोडांमध्ये मात्र एक रुपयाही वाचवू नका, त्यांची तपासणी दर महिन्याला करा, आणि तिची तारीख ड्रायव्हरच्या पाठीमागे, बसणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, मोठ्या अक्षरांत मराठीत लावा.